एका दिवसाचा ताळेबंद

बँकेत वीस-बावीस वर्षं कारकुनी केली की माणसाला एक खोड लागते. जगातली कुठलीही गोष्ट दोन रकान्यांत बसवता येते आणि संध्याकाळी तिचा ताळा लागतोच, अशी त्याची समजूत होते. घरच्या किराण्याच्या यादीखालीसुद्धा मी दोन रेघा ओढून बेरीज करतो. बायको म्हणते, "अहो, कोथिंबीर फुकट मिळाली होती." मग मी तिची नोंद शून्य रुपये म्हणून करतो.

या खोडीचा सगळ्यात मोठा फटका मला बसला तो आमच्या मेव्हण्यांच्या स्वारीच्या वेळी.

हे मेव्हणे म्हणजे बायकोचे थोरले बंधू. राहणार पुणे. आमच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांनी मला सहज विचारलं होतं, "दाजी, तुमच्या उस्मानाबादेत बघण्यासारखं काय आहे हो?" तोंडात जिलबी असल्यामुळे मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ते उत्तर अठरा वर्षं थकबाकीत होतं, आणि त्यावर चक्रवाढ व्याज चढत होतं. गावाचं नाव २०२३ साली धाराशिव झालं, पण तो प्रश्न काही बदलला नाही.

गेल्या पावसाळ्यात मेव्हणे दोन दिवसांसाठी आले ते मेक्सिकोचे फोटो घेऊन. मुलगा अमेरिकेत असल्यावर माणसाला मेक्सिको म्हणजे भिगवण वाटायला लागतं. "एका दिवसात, दाजी, एका दिवसात!" ते सांगत होते. "सकाळी तुलुमला माया लोकांचे भग्नावशेष, अगदी समुद्राच्या काठावर! दुपारी जमिनीच्या पोटातल्या गोड्या पाण्याच्या कुंडात डुंबलो, संध्याकाळी पुळणीवर. वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक!" आणि शेवटचा फोटो दाखवून झाल्यावर म्हणाले, "तुमच्याकडे असलं काही नाही, नाही का?"

या वेळी तोंडात जिलबी नव्हती. मी म्हणालो, "उद्या रविवार आहे. एका दिवसात दाखवतो."

रात्री साडेअकरापर्यंत बसून मी तक्ता तयार केला. सहाला प्रस्थान. साडेसहा ते साडेसात धाराशिवची लेणी. सव्वाआठ ते सव्वानऊ तेर, म्हणजेच प्राचीन तगर नगर. साडेदहा ते बारा तुळजापूर, दर्शनासह. एक ते तीन नळदुर्ग किल्ला, जेवण तिथेच. येताना जमलं तर येडशीचं रामलिंग. ते मी 'अनामत'मध्ये टाकलं. साडेसहाला घरी, गुलाबजामसह. समुद्राची बाजू तेवढी लंगडी होती. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. पण नळदुर्गला बोरी नदीचं पाणी धरणावरून कोसळतं, तेच मी समुद्राच्या खाती जमा धरलं. तक्त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि समाधानानं झोपलो.

आता एक गोष्ट वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. या यादीतलं तुळजापूर सोडलं तर मी स्वतः काहीही पाहिलेलं नव्हतं. जन्म याच जिल्ह्यातला, शाळा इथली, नोकरी इथली. पण लेणी गावापासून इतकी जवळ की 'जाऊ कधीतरी', आणि नळदुर्ग हैदराबादच्या रस्त्यावरच, म्हणून दर वेळी एसटीच्या खिडकीतूनच नमस्कार. माझी सगळी माहिती एका चिठ्ठीवर होती आणि ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात होती.

सकाळी सहाला प्रस्थान झालं नाही. सहाला फक्त मी झालो. मेव्हण्यांना गरम पाणी लागतं, बायकोला धपाट्यांची पाटी पुरी भरायची होती, आणि चिरंजीवांचा एक बूट सापडेना. तो सापडला तेव्हा आठ पस्तीस झाले होते. मी पेन्सिलीनं तक्त्यावर दुरुस्ती करायला लागलो, तसा जीपवाला म्हणाला, "साहेब, लेणी कुटं पळून चाललीत व्हय? येताना बघू. धा मिंटाचा तर रस्ता." मला ते पटलं. जवळच्या गोष्टी नेहमी येताना बघायच्या असतात.

तेरला त्रिविक्रमाच्या देवळापुढे उतरलो आणि मी घसा साफ केला. "सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशानं आपल्या प्रवासाच्या पुस्तकात या गावाचं नाव लिहून ठेवलंय. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे, असं. इथला माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जायचा." समुद्र अशा रीतीनं मी पहिल्याच मुक्कामी आणून ठेवला. मेव्हण्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. मग ते देवळाच्या मागच्या बाजूला गेले, गोलाकार पाठीच्या विटांच्या भिंतीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "दाजी, ही पाठ अशी हत्तीच्या पाठीसारखी का?"

चिठ्ठीत ते नव्हतं. मी खिशात हात घातला, चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागच्या बाजूला दुधाचा हिशोब होता. इतक्यात पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "बौद्ध चैत्य हुता म्हनत्यात आधी. मंग देऊळ झालं." मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही या आधी कधी आला होता इथे?"

मी उत्तर द्यायच्या आत बायको म्हणाली, "कुठले येताहेत! मीच अठरा वर्षं मागे लागलेय."

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. संतमंडळी जमली असताना काकांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं थापटून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या सकाळी त्याच गावात माझ्या डोक्यावर थाप बसली. नामदेवांना निदान संतांच्या सभेत कच्चं ठरण्याचा मान मिळाला. मी मेव्हण्यासमोर ठरलो.

एकदा मडकं कच्चं ठरल्यावर मात्र एक सोय झाली. मला माहीत असल्याचं सोंग करायचं कारण उरलं नाही. लामतुरे वस्तुसंग्रहालयात आम्ही दोघे शाळेतल्या पोरांसारखे काचांना नाक लावून फिरलो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून जमवलेल्या वस्तूंचं ते संग्रहालय. तिथली हस्तिदंती बाई पाहिली. अशीच एक हस्तिदंती मूर्ती इटलीत, इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली आहे. मेव्हणे कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आपला मुलगाच पहिला परदेशी गेला, असं काही नाही."

घड्याळात पाहिलं तर बारा वाजले होते. तेरची एक तासाची तरतूद पावणेतीन तासांवर गेली होती.

रविवार असल्यानं तुळजापुरात दर्शनाची रांग होती. चिंतामणीच्या गोल दगडावर हात ठेवून मी मनात विचारलं, "आई, आजचा तक्ता पुरा होईल का?" दगड उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे फिरला तर नाही, आणि जागचा हललाच नाही तर काम होईल, पण वेळ लागेल, असं मानतात. दगड ढिम्म राहिला. बँकेत कर्जाच्या अर्जाला आम्हीही असंच उत्तर देतो.

नळदुर्गला पोचायला पावणेपाच झाले. धपाटी जीपमध्येच संपली होती. मी जवळजवळ पळतच सगळ्यांना पाणीमहालाकडे नेलं. हे धरण दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ च्या सुमाराचं, एवढं चिठ्ठीत होतं; बाकी चिठ्ठीत मावणारं नव्हतं. धरणाच्या भिंतीच्या पोटातच तो महाल. पाऊस बरा झाला होता, त्यामुळे नर आणि मादी, दोन्ही सांडव्यांवरून पाणी कोसळत होतं. आम्ही आत जाऊन खिडकीशी उभे राहिलो. डोक्यावरून आख्खी नदी समोर पडत होती आणि आत अंगावर थेंब नाही. आमच्या जिल्ह्यात, जिथे टँकरची वाट पाहण्यात लोकांचे उन्हाळे गेले, तिथे एवढं पाणी एकत्र पाहून मला काय झालं कोण जाणे, डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. तुषार आत येत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे तो बहाणाही करता येईना.

अठरा वर्षं तयार ठेवलेलं वाक्य होतं माझ्याकडे. "आता सांगा, बघण्यासारखं काय आहे?" एवढंच ते वाक्य. पण पाण्याच्या आवाजात ते ऐकू गेलं नसतं, आणि खरं म्हणजे तो प्रश्न मीच मला कधी विचारला नव्हता. मेव्हण्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी तोंड आणून ओरडले, "दाजी, तुम्हीही पहिल्यांदाच ना?"

मी मान हलवली. ते हसले. थकबाकी तिथेच निकालात निघाली. व्याज माफ.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. गुलाबजाम मिळाले. रामलिंग अनामतीतच राहिलं. लेण्यांच्या फाट्याजवळ जीपवाल्यानं गाडी हळू केली, पण काळोखात डोंगर तेवढा दिसत होता. मेव्हणे म्हणाले, "पुढच्या वेळी यांच्यापासूनच सुरुवात." मी रात्री तक्ता काढून लेण्यांपुढे लिहिलं, 'शिल्लक पुढे नेली.'

त्याला आता वर्ष होत आलं. लेणी आमच्या घरापासून आठेक किलोमीटरवर आहेत. मी अजून गेलेलो नाही. मेव्हणे येणार आहेत ना, तेव्हा जाऊ.