दोन बोटांची फट

गेल्या हिवाळ्यापासून मला वास येत नाही. हिंगाच्या फोडणीचाही नाही, याचं बायकोला वाईट वाटतं. माझं दुःख परसात आहे. सकाळी खुराड्याचं दार उघडून एक श्वास घेतला की भुशात ओल किती, अमोनिया किती, हे मला कळायचं. मिनेसोटात राहून असं नाक बाळगणारा दुसरा कोंबडीवाला नाही, अशी माझी मिजास होती. नाक गेलं, मिजास शिल्लक आहे.

बर्फाच्या तयारीत लोक छपराचं कौतुक फार करतात. ते काम ऑक्टोबरातच उरकतं. ओला बर्फ कोंबड्यांच्या अंगणावरच्या जाळीला चिकटून ती खाली ओढतो, म्हणून वर उतरते पत्रे; बर्फावर कोंबडी पाय ठेवत नाही, म्हणून खाली गव्हाचं काड. खरी अडचण बाजूंची. वायव्येचा वारा अडवायला प्लास्टिक ताणायचं, पण वर किती मोकळं ठेवायचं?

कोंबडीच्या अंगात 41 अंशांची ऊब असते. हवा कोरडी असेल तर उणे 20 सेल्सिअसलाही वायनडॉट जातीची कोंबडी दांडीवर पिसं फुलवून निवांत बसते. घात करते ती ओल. श्वासाची, विष्ठेची वाफ कोंडली की तुऱ्याची टोकं गोठून काळी पडतात. म्हणून उघडावं, तर वारा दांडीपर्यंत पोचून पिसांतली ऊब नेतो. फट कोंबड्यांच्या डोक्यावर हवी. तिथे ठेवली, तर रात्रीच्या वादळात बर्फाचा ढीग चढून तीच बुजते. एका वादळाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ सगळं अंगण प्लास्टिकनं गुंडाळतात आणि आत लाल दिवा टांगतात. दिसतं छान. तो दिवा भुशात पडला की काय होतं, हे इथल्या अग्निशमनवाल्यांना विचारावं. प्रिन्स वुड्स या डॉक्टरांनी 1924 मध्ये मोकळ्या हवेच्या खुराड्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. ते वाचायला कुणाला सवड नाही. क्वेबेकच्या मठातल्या ब्रदर विल्फ्रिडनी तर तुरा जवळजवळ नसलेली शांतक्लेर जातच तयार केली. हुशारी खरी, पण मला ती पळवाट वाटते. मी मुद्दाम मोठ्या तुऱ्याच्या लेगहॉर्न पाळतो. फेब्रुवारीत त्यांचे लालभडक तुरे लोकांना दाखवता यावेत, एवढ्यासाठीच.

आता मराठी मंडळातल्या ओळखीची एक मुलगी शिकायला येते. तिच्याकडे आर्द्रतामापक आहे.

"काका, अठ्ठ्याहत्तर टक्के."

"अगं, ते राहू दे. वास कसा आहे?"

"थोडा झोंबतोय."

थोडा म्हणजे किती? माझ्या नाकातला थोडा आणि तिचा थोडा एक कसा असेल? नाकाला पुरता झोंबेपर्यंत तर कोंबड्यांनी तो रात्रभर ओढलेला असतो. मी एक बोट म्हणालो, तिनं फट दोन बोटं उघडली.

फेब्रुवारीत पाहुणे आले तेव्हा तुरे लालच होते. "काका, हात आहे तुमचा," म्हणाले. मी अनुभवाबद्दल काहीतरी बोललो. ती शेजारीच पाण्याच्या भांड्यातला बर्फ फोडत होती.

यंदा ती प्लास्टिक आणखी चार बोटं खाली घ्यायचं म्हणते. मी ठाम नकार दिला आहे. कारण विचारलं, तर "वाऱ्याचा अंदाज" असं सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.