अंगावरची धूळ जाते कुठे?

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीचा फेटलिंग विभाग मी अनेक वर्षं सांभाळला. साच्यातून निघालेल्या कास्टिंगची चिकटलेली वाळू काढायची, रनर-रायझर तोडायचे, कडेला आलेली फिन ग्राइंडरने घासून साफ करायची, हे आमचं काम. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांबरोबर कोल्हापूरच्या उद्यमनगरात रुजलेल्या या धंद्यावर आज जिल्ह्यातली कितीतरी घरं चालतात. या धंद्यातला माणूस लांबूनही ओळखू येतो तो काळ्या मातीमुळे. सिलिका वाळू, बेंटोनाइट आणि कोळशाची पूड पाण्यात मळून ही माती तयार होते. वितळलेलं लोखंड ओतलं की ती जळते, सुकते, फुटते, आणि तिचं पीठ आमच्या अंगावर चढतं.

शिफ्ट सुटायला दहा मिनिटं उरली की ग्राइंडरचे आवाज थांबायचे आणि एअर गनचा फुत्कार सुरू व्हायचा. कास्टिंगच्या पोकळीतली वाळू ज्या गनने उडवायची, तीच गन माणसं कपड्यांवर धरायची. आधी बाह्या, मग छाती, मग पँटचे खिसे, शेवटी मान खाली घालून केस. पाठीला हात पोचत नाही म्हणून एकमेकांची पाठ साफ करून द्यायचे. ‘हवा मारून येतो’ म्हणजे घरी निघालो, इतकं ते अंगवळणी पडलेलं. लाइनला सहा ते सात किलो प्रेशर. शेजारच्या खांबावर पाटी होती: ‘कपड्यांना हवा मारण्यास सक्त मनाई आहे.’ त्या पाटीवरही धूळ बसलेली असायची.

मनाई असूनही लोक असं का करतात, हे मला एका फेटलरने एका वाक्यात सांगितलं. “साहेब, असलं काळं अंग घिऊन केएमटीच्या बसमधी बसलं की शेजारचा माणूस उठून उभा ऱ्हातोय.” यावर मी काय बोलणार? दिवसभर राबलेल्या माणसाला चारचौघांत नीट दिसावंसं वाटतं. वाटेत मुलाला क्लासवरून घ्यायचं असतं, कुणाच्या घरी बारशाला जायचं असतं. ही गरज खरी आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय सुरक्षेचं कुठलंही बोलणं त्यांच्या कानात शिरणार नाही, हे मला तिथेच उमगलं.

पण दुसरी बाजूही माझ्या डोळ्यांसमोर होती. आमच्याकडे सगळे ज्यांना मामा म्हणायचे, त्या जुन्या फेटलरला जिना चढताना मधे थांबावं लागायचं. टीबी समजून त्यांच्यावर बरेच दिवस उपचार झाले. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून कामाचा इतिहास विचारला, तेव्हा सिलिकोसिसचं निदान झालं. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जाऊन रुततात, तिथे व्रण तयार होतात आणि फुप्फुस हळूहळू ताठर होत जातं. बहुतेकांना दहा-बारा वर्षं काहीच जाणवत नाही. एकदा झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही, आणि अशा फुप्फुसात टीबीही चटकन शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये स्फटिकी सिलिकाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं. कारखाने अधिनियम, १९४८ नेही सिलिकोसिस कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातला.

मामांना हा आजार कपड्यांना हवा मारल्यानेच झाला, असं मी म्हणणार नाही. ग्राइंडिंग, शेकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं), झाडलोट, सगळ्यांचा त्यात वाटा. पण दिवसभर तोंडाला मास्क लावून काम करणारा माणूस नेमका शेवटच्या दहा मिनिटांत मास्क काढून खिशात ठेवतो आणि स्वतःच्या छातीवरची धूळ स्वतःच्या नाकासमोर उडवतो, हे मला बघवेना.

हे लोकांना पटवायचं कसं? डोळ्याला दिसते ती धूळ जड असते, ती खाली बसते. फुप्फुसात खोल जाते ती पाच-सहा मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. ही धूळ साध्या उजेडात दिसत नाही आणि तासन् तास हवेत तरंगत राहते. सुरक्षा प्रशिक्षणात मी एक युक्ती शिकलो होतो, ती करून दाखवायचं ठरवलं.

सेकंड शिफ्ट सुटताना विभागाच्या एका भागातले दिवे बंद केले. एका कामगाराला रेस्पिरेटर आणि गॉगल घालून उभं केलं. त्याच्या मागे थोड्या अंतरावर जोरदार हॅलोजन ठेवला आणि त्याचा झोत थेट बघणाऱ्यांच्या डोळ्यांत येणार नाही असा पत्रा आडवा धरला. बाकी सगळे लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, मास्क लावून. मग त्याने छातीवर एकदाच हवा मारली. उजेडाच्या पट्ट्यात दुधाळ धुरासारखा लोट उसळला, शर्टावरून वर चढला, हनुवटीला वळसा घालून कपाळापर्यंत गेला आणि डोक्याभोवती रेंगाळला. गन थांबली तरी लोट हलेना. त्यातला काही भाग सरकत सरकत शेजारच्या बाकाकडे गेला, जिथे रोज माणसं डबे भरत बसायची. कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने मागून एक आवाज आला, “म्हंजी कापड साफ हुतंय आन् आपण घाण हुतोय.” माझ्या भाषणाची गरजच उरली नाही.

धुळीइतकाच धोका खुद्द हवेचाही आहे. आमच्या मशीन शॉपमधल्या एका तरुण मुलाच्या हाताला फिन लागून बारीकशी चीर पडली होती. नेहमीसारखी त्याने हातावर हवा मारली. बघता बघता मनगटापर्यंत सूज आली. कातडीवर बोट दाबलं की आत कुरकुर लागायची. हवा कातडीखाली पसरली होती. दवाखान्यात ठेवून, अँटिबायोटिक देऊन तो बरा झाला. पण जखमेतून रक्तवाहिनीत हवेचा बुडबुडा गेला तर जीवही जाऊ शकतो. उडालेला कण डोळा फोडू शकतो, कानाजवळ सुटलेली हवा पडदा फाडू शकते. आणि थट्टेत कुणाच्या गुदद्वाराजवळ हवा सोडल्याने आतडी फाटून माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. म्हणून एअर गन कुणाच्याही अंगाकडे रोखायची नाही, हा आमच्याकडे पहिला नियम झाला.

पहिला उपाय सुचला तो प्रेशर कमी करण्याचा. अमेरिकेत कामगार सुरक्षेचा नियम असा आहे की साफसफाईला वापरायची हवा ३० पीएसआयपेक्षा कमी, म्हणजे आपल्या भाषेत दोन किलोच्या आसपास, असली पाहिजे. शिवाय उडणाऱ्या चिपांना आडोसा हवा आणि डोळ्यांना संरक्षण हवं. त्याप्रमाणे आम्ही साफसफाईच्या लाइनला वेगळे रेग्युलेटर लावले आणि त्यांना कुलूप घातलं. जुन्या गन काढून बाजूला छिद्रं असलेल्या सेफ्टी नोझलच्या गन आणल्या. अशा नोझलचं तोंड चुकून कातडीला टेकलं तरी हवा बाजूने निसटते, आत दाब तुंबत नाही.

यामुळे जखमांचा धोका कमी झाला. धुळीचा प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला. दोन किलोची हवाही शर्टावरची धूळ उडवतेच; फक्त जरा सावकाश उडवते. कमी प्रेशर कातडी वाचवतं, फुप्फुस वाचवत नाही. अमेरिकेने २०१६ मध्ये सिलिकासाठी वेगळा नियम केला, त्यात हे स्पष्टपणे मांडलं आहे: उडालेला लोट जागीच ओढून घेणारी वायुवीजन व्यवस्था असेल तरच हवेने कपडे साफ करावेत, किंवा दुसरा कुठलाच मार्ग शक्य नसेल तर. त्या नियमातली आठ तासांची मर्यादा आहे घनमीटर हवेमागे ५० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक भाग. कपड्यावर याच्या कितीतरी पट माती घेऊन माणूस उभा असतो.

तिकडच्या खाणींसाठी नायोश या संशोधन संस्थेने एका खाण कंपनीच्या मदतीने खास कक्ष विकसित केला. टेलिफोन बूथपेक्षा जरा मोठी बंद खोली, एका भिंतीवर उभ्या ओळीत नोझल, वरून खाली वाहणारी हवा आणि तळातून धूळ ओढून नेणारा पंखा. माणूस रेस्पिरेटर, गॉगल आणि इअरप्लग लावून आत जातो, नोझलसमोर गोल फिरतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत साफ होऊन बाहेर येतो. कक्षातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असल्याने धूळ बाहेर गळत नाही. म्हणजे कपड्यांना हवा मारणं सुरक्षित होऊ शकतं, पण ते या पद्धतीने. नुसती गन आणि हवेचा पाइप असून भागत नाही.

असा कक्ष आमच्या आकाराच्या फाउंड्रीला तेव्हा परवडणारा नव्हता. आम्ही हेपा फिल्टरचे दोन औद्योगिक व्हॅक्यूम घेतले आणि त्यांना कपड्यांवर फिरवायचे ब्रश लावले. फिल्टरवर मी अडून बसलो, कारण साधा व्हॅक्यूम जाड धूळ पोटात ठेवतो आणि बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा शॉपमध्ये सोडतो. मालकांसमोर विजेच्या बिलाचाही मुद्दा मांडला. कॉम्प्रेसरने घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेतच जातो, त्यामुळे फुकट वाटणारी हवा कारखान्यात सगळ्यांत महाग पडते. हा मुद्दा त्यांना लगेच पटला.

पण व्हॅक्यूमला वेळ लागतो. एका माणसाला दोन-तीन मिनिटं, आणि रांगेत वीस जण. पहिल्या आठवड्यात लोक कंटाळून पुन्हा गन शोधू लागले. तेव्हा दोन गोष्टी केल्या. शेवटची पंधरा मिनिटं सफाईची म्हणून शिफ्टमध्येच धरली, त्यांचा पगार कापला नाही. आणि प्रत्येकाला दोन कप्प्यांचं लॉकर दिलं: एका कप्प्यात कामाचे कपडे, दुसऱ्यात घरचे. शेजारी नळ, साबण आणि आंघोळीची जागा. माणूस अंग धुऊन, घरचे कपडे घालून गेटबाहेर पडू लागला. केएमटीत शेजारी कोण बसेल, हा प्रश्नच मिटला.

राहिला घरचा भाग. युनिफॉर्म पिशवीतून घरी जायचा आणि बायका तो मोरीच्या दारात झटकून मग भिजवायच्या. माझीच पत्नी एकदा म्हणाली, “तुमचे कपडे भिजवले की बादलीच्या तळाला बोटभर काळा गाळ बसतो.” तो गाळ हाताने चोळून बघितला तर वाळूची कचकच लागली. ती वाळू फाउंड्रीत कधी पाऊल न टाकलेल्या बाईच्या आणि लेकरांच्या श्वासात जात होती. म्हणून घराघरांत सांगितलं: युनिफॉर्म उलटा करून घडी घाला, झटकू नका, आधी पूर्ण भिजवा, बाकीच्या कपड्यांपासून वेगळा धुवा. पुढे धुण्याची व्यवस्था कंपनीतच झाली, आणि तीच खरी योग्य जागा.

एक गोष्ट गॅस कटिंगवाल्यांसाठी मुद्दाम सांगतो. काही ठिकाणी टॉर्चमधून नुसता ऑक्सिजन सोडून अंगावरची धूळ उडवतात. हे कधीही करू नका. कापडात ऑक्सिजन मुरला की एका ठिणगीने ते भडकतं आणि विझवायला अवधीच मिळत नाही. ॲल्युमिनियमचं ग्राइंडिंग होतं तिथेही धूळ उडवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, कारण त्या धातूची बारीक पूड हवेत पसरली की एका ठिणगीने पेट घेते.

कपड्यांना हवा मारणाऱ्या कामगाराला बेपर्वा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तो बेपर्वा कधी वाटला नाही. स्वच्छ होऊन घरी जायचा त्याच्याकडे तोच एक मार्ग होता. मालकांनी आणि माझ्यासारख्या विभागप्रमुखांनी त्याला व्हॅक्यूम, पाणी, लॉकर आणि पगारी पंधरा मिनिटं दिली पाहिजेत. मनाईची पाटी त्यानंतर लावावी. आणि कामगार भावांनो, ही सोय नसेल तर ती मागा. अंग साफ करण्याची जागा हा तुमचा हक्क आहे. ती मिळेपर्यंत मास्क शेवटी काढा, ओल्या फडक्याने कपडे पुसा, आणि हवेची गन कास्टिंगसाठीच राहू द्या.