तळ दिसेपर्यंत

वादळी पावसाने गढूळ झालेल्या जलतरण तलावाचे पाणी कसे निवळावे, हा विषय कौटुंबिक मासिकात थोडा अनपेक्षित वाटेल. परंतु आज अनेक वाचकांच्या गृहसंकुलांत असे तलाव आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे त्यांत पोहतात, आणि तलावाची जबाबदारी बहुधा आमच्यासारख्या निवृत्तांच्या समितीवर येऊन पडते. म्हणून पुण्यातील आमच्या गृहसंस्थेचा गेल्या उन्हाळ्यातील अनुभव येथे नोंदवीत आहे.

मे महिन्यातील एका रविवारी रात्री वळवाचा जोरदार पाऊस झाला. बागेतील माती, कडुनिंबाचा पाला आणि गुलमोहराच्या पाकळ्या वाहून तलावात आल्या. सोमवारी सकाळी पाणी चहासारखे दिसत होते. मुलांचे पोहण्याचे शिबिर ऐन भरात होते, पालकांनी शुल्क भरलेले होते. साहजिकच समितीच्या बैठकीत पहिली सूचना आली ती तलाव रिकामा करून ताजे पाणी भरण्याची.

मी कागद-पेन्सिल घेतली. तलाव पंधरा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर तीस सेंटिमीटर खोल. म्हणजे 1,36,500 लिटर पाणी, दहा हजारांचे चौदा टँकर. ज्या महिन्यात आम्ही सदनिकाधारकांना पाणी जपून वापरण्याच्या सूचना लावतो, त्याच महिन्यात एवढे पाणी गटारात सोडणे योग्य नव्हते. शिवाय सभोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना तलाव रिकामा केला, तर बाहेरील पाण्याच्या दाबाने त्याचा तळ उचलला जाण्याचा वा तडे जाण्याचा धोका असतो. असलेले पाणीच स्वच्छ करावयाचे असे ठरले.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. पंपघरात पाणी शिरले होते, म्हणून प्रथम वीज मुख्य कळीपासून बंद केली. नंतर जाळीने पालापाचोळा काढला. पाण्यात बेडूक आणि पुष्कळ गांडुळे होती. कोणतेही औषध पडण्यापूर्वी त्यांना बादलीत घेऊन बागेच्या ओल्या मातीत सोडले. पाला आधी काढण्याचे कारण व्यवहाराचेही आहे. सडणारी पाने क्लोरीन शोषून घेतात, आणि मग कितीही औषध ओतले तरी जंतू मारण्यास ते उरत नाही.

उरला तो मातीचा गढूळपणा. मातीचे अतिसूक्ष्म कण परस्परांना दूर लोटतात, कारण त्यांच्यावर एकाच प्रकारचा विद्युतभार असतो. त्यामुळे ते दिवसेंदिवस तरंगत राहतात आणि गाळणयंत्रातील वाळूतूनही निसटतात. बँकेत ज्या नोंदींचा ठाव लागत नाही त्या उचंत खात्यात पडून राहतात, तशीच ही अवस्था. तुरटी हा भार नाहीसा करते. कण एकत्र येतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात.

किती तुरटी लागेल याचा अंदाज बरण्यांत घेता येतो. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम तुरटी विरघळवली की त्या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम तुरटी येते. तलावाचे एकेक लिटर पाणी पाच बरण्यांत घेऊन त्यांत अनुक्रमे एक ते पाच मिलिलिटर द्रावण मिसळले. तिसरी बरणी सर्वांत आधी निवळली. त्या हिशेबाने संपूर्ण तलावास सुमारे चार किलो तुरटी पुरली. ती मिसळून पंप बंद केला व रात्रभर पाणी स्थिर ठेवले. दुसऱ्या दिवशी तळाचा गाळ नळीने सावकाश ओढून थेट बाहेर सोडला. तो गाळणयंत्रातून नेला असता तर वाळू तुंबली असती. तुरटीने पाणी आम्लाकडे झुकते, म्हणून धुण्याचा सोडा घालून पीएच 7.2 ते 7.8 च्या दरम्यान आणला आणि त्यानंतरच क्लोरीन दिले. आम्ल आणि क्लोरीन मात्र कधीही एकत्र ठेवू नयेत. त्यांच्या संयोगाने विषारी वायू निर्माण होतो.

शुक्रवारी सकाळी पाणी निळसर दिसू लागले. धान्याचे घाऊक व्यापारी असलेले आमचे एक शेजारी, ज्यांचा नातू शिबिरात होता, म्हणाले, “साहेब, पाणी तर स्वच्छ झाले. मुलांना आणखी किती दिवस थांबवायचे?” समितीतील बहुतेकांचे मतही तेच होते. तलावाची निगा राखणारे कर्मचारी तेवढे हळूच म्हणाले, “वरून निळं दिसतंय म्हणून भुलू नका साहेब. खालची जाळी दिसली पाहिजे.”

आम्ही दोरीला बांधलेले स्टीलचे ताट खोल बाजूस सोडले. तेथे पाणी पाच फूट आहे. चार फुटांच्या आतच ताट दिसेनासे झाले. शेजारी क्षणभर स्तब्ध उभे राहिले. बुडणारे मूल हाक मारतेच असे नाही. पुष्कळदा ते आवाज न करता खाली जाते. जीवरक्षक काठावर दक्ष उभा असला तरी जे ताट दिसत नाही तेथे मूल कसे दिसणार? “दुकानात बरणीचा तळ पाहिल्याशिवाय मी माल घेत नाही,” ते म्हणाले, “येथे घाई कशाला करू?” त्यांनीच इतर पालकांची समजूत घातली.

आणखी दोन दिवस गाळण चालू ठेवले, गाळणयंत्र उलट्या प्रवाहाने धुतले. रविवारी सायंकाळी तळाच्या जाळीची छिद्रे वरून मोजता आली. क्लोरीन व पीएच पुन्हा तपासून सोमवारी तलाव खुला केला. आठवडा गेला, आणि एकंदर दोनच टँकर पाणी नव्याने घ्यावे लागले. बुडालेल्या दिवसांच्या बदल्यात शिबिराची मुदत वाढवून दिली.

वाचकांना एकच विनंती. पावसानंतर नातवंडाला तलावावर नेताना एकदा खोल बाजूला उभे राहून तळाकडे पाहावे. पाण्याच्या रंगावर वा क्लोरीनच्या उग्र वासावर विसंबू नये. तो वास बहुधा पाण्यात मळ शिल्लक असल्याचे लक्षण असतो. तळ स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी मुलाला घरी परत आणावे. त्यासाठी समितीच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.