आडनाव नव्हे, पत्ता

मिनेसोटात राहायला आलं की पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट लक्षात येते. ऑफिसच्या ॲड्रेस बुकमध्ये जॉन्सन, ॲन्डरसन, ओल्सन, लार्सन यांचा नुसता सुकाळ आहे. आमच्या फ्लोअरवरच तीन ॲन्डरसन आहेत आणि ते एकमेकांचे कुणीही लागत नाहीत. आपल्याकडे कुलकर्णी-देशपांड्यांचं होतं तसंच!

आमच्या टेस्टिंग लीडचं आडनाव मात्र असं 'सन'वालं नाही. (इथे लिहीत नाही, त्याच्या घरचा मामला आहे.) त्या आडनावाचा त्याच्या घरात भारी अभिमान. "आमच्या शेताचं नाव आहे ते," असं तो सांगायचा. नॉर्वेच्या सोग्न भागात, फ्योर्डच्या काठावर त्या नावाचं मोठं शेत. ते आमच्या घराण्याचं. पण सगळी जमीन थोरल्याला गेली, म्हणून धाकटा भाऊ बोटीत बसून इकडे आला. हा धाकटा म्हणजे त्याच्या वडिलांचे पणजोबा. वडील आता ८६ वर्षांचे, आयुष्यभर शेतकरी. डोळे मिटायच्या आत ते शेत एकदा कागदावर बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. आता टेस्टर म्हटला की त्याला डेव्हलपर लागतोच, त्यामुळे हिवाळ्यातले माझे सहा-सात शनिवार त्यात गेले. बाहेर उणे वीस असताना करणार काय दुसरं?

आधी नावांची भानगड सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नॉर्वेत सगळ्यांना कायमचं आडनाव घ्यायला लावलं ते १९२३ च्या कायद्याने. त्याआधी खेड्यापाड्यांत आडनाव हा प्रकारच नव्हता. लार्सचा मुलगा ओले, म्हणून ओले लार्सन. त्याची बहीण लार्सदातर, आणि लग्नानंतरही ती लार्सदातरच! ओलेचा मुलगा लार्स झाला तर तो लार्स ओल्सन. आणि शेवटी शेताचं नाव. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, ठिकाणाचं नाव... ओळखीचं वाटतंय ना? आपल्या 'कर'वाल्या आडनावांचाच फॉर्म्युला. फरक एकच, पण तो मोठा आहे. तिथे तो शेवटचा भाग म्हणजे निव्वळ पत्ता होता. माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की नाव बदललं. घरजावई झाला तर सासऱ्याच्या शेताचं नाव लागलं. डेटाबेसवाल्यांनो, कल्पना करा, तुमची प्रायमरी की दर काही वर्षांनी अपडेट होतेय!

वर आणखी एक प्रथा. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. दोन्ही आजोबा ओले असतील तर एका घरात दोन जिवंत ओले. मूल दगावलं तर पुढच्याला परत तेच नाव. डोकं फिरतं खरं, पण हीच प्रथा चेकसमसारखी वापरताही येते. दुसऱ्या मुलाचं नाव बघायचं आणि आईच्या माहेरचा अंदाज बांधायचा.

आपल्या ओळखीचं उदाहरण देतो. नॉर्मन बोरलॉग. १९६६ साली भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, त्यामागचा शास्त्रज्ञ. १९७० चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचे पणजोबा-पणजी याच सोग्नमधल्या फेइओस गावाहून १८५४ मध्ये विस्कॉन्सिनला आले, आणि घराणं पुढे आयोवात स्थिरावलं. पणजोबा ओले ओल्सन डीबेविग, पणजी सोल्वेग थोमासदातर रिंदे आणि पणतू बोरलॉग. शोधा आता आडनावावरून!

तर शोध नॉर्वेतून सुरू करायचाच नाही, हा पहिला नियम. आधी इकडची बाजू पक्की करायची. अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेत प्रत्येकाचा जन्माचा महिना नि वर्ष आहे, आणि बाहेरून आलेल्यांचं आगमनाचं वर्षही. (१८९० चे कागद शोधत बसू नका. १९२१ च्या आगीत आणि नंतरच्या हेळसांडीत ते जवळजवळ सगळे गेले.) मग इथल्या लुथरन चर्चची रजिस्टरं. मग नॅशनल आर्काइव्हज्‌मधली होमस्टेडची फाइल. १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळायची. अट अशी, की पाच वर्षं तिथे राहायचं, कसायचं, आणि शेजाऱ्यांची साक्ष काढायची. आमच्या फाइलमध्ये घराची लांबी-रुंदी आहे, गोठा आहे, विहीर आहे. नागरिकत्वाचे कागद आहेत. नाही ते एवढंच, की ही जमीन आधी कुणाची होती. १८५१ च्या तहाने डकोटा लोकांकडून घेतलेला हा मुलूख. १८६२ मध्ये युद्ध पेटलं, डिसेंबरात मॅनकाटो गावात ३८ डकोटांना एकाच दिवशी फाशी दिली, आणि पुढच्या वर्षी उरलेल्यांना राज्याबाहेर काढलं. नॉर्वेचे भूमिहीन आले ते त्याच्या पाठोपाठ. हे मी लंच टेबलवर बोललो तेव्हा जरा शांतता पसरली. असो.

नॉर्वेहून पहिली बोट निघाली ती १८२५ च्या जुलैत, स्टावांगरहून. ५२ माणसं घेऊन ती ऑक्टोबरात न्यूयॉर्कला लागली. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर माणसं उत्तर अमेरिकेत आली. आमचा माणूस १८६८ चा.

नॉर्वेच्या सरकारी संग्रहाचं काम मात्र मानलं पाहिजे! चर्चची रजिस्टरं नि जनगणना स्कॅन करून 'डिजिटालआर्किवेट'वर फुकट ठेवल्यात. फक्त वाचता आलं पाहिजे. भाषा डॅनिश वळणाची, अक्षर गॉथिक. आपली मोडी वाचताना होतं तसंच होतं, आधी नुसत्या आकड्या दिसतात, आणि तिसऱ्या शनिवारी अचानक अक्षरं दिसायला लागतात. जुन्या नोंदींत तारखेऐवजी सण असतो, म्हणजे 'ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' वगैरे. 'श्रावण शुद्ध पंचमी'ची इंग्रजी तारीख काढण्यासारखाच प्रकार. चर्चमधल्या दीक्षेच्या नोंदीत मुलाला धर्मज्ञान किती, याचा पाद्र्याने दिलेला शेरा आणि देवीची लस कधी टोचली ती तारीखही असते. १८१० पासून लशीशिवाय दीक्षाही नाही आणि लग्नही नाही. कोविडचं सर्टिफिकेट मिरवणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

आमचा पोरगा सापडला. जन्म १८४५, आई-वडिलांची नावं जुळली, गाव सोडून जाणाऱ्यांच्या यादीत १८६८ ची नोंद, आणि 'कुठे'च्या रकान्यात नुसतं 'अमेरिका'. मग १८६५ ची जनगणना उघडली. शेताचं नाव तेच! आम्ही दोघं खुर्चीतून उठलोच. पण त्या नावाखाली पहिलं कुटुंब दुसरंच होतं. मालक, जमीन स्वतःची, घोडा, पाच गाई. आमचं कुटुंब त्याच्या खाली होतं, आणि बापाच्या नावापुढे लिहिलेलं, 'हुसमान'.

हुसमान म्हणजे मालकाच्या जमिनीवर झोपडं बांधून राहणारा कूळ-मजूर. तुकडाभर जमीन कसायला मिळायची, बदल्यात मालकाच्या शेतात राबायचं. मुळात नॉर्वेत कसण्याजोगी जमीन शेकडा तीनच्या आसपास. त्यात शेताची वाटणी टाळायला थोरल्याचा हक्क. मग उरलेल्यांचं आणि हुसमानांचं काय होणार? त्या जनगणनेत प्रत्येकाची गुरं आणि पेरलेलं बियाणंही मोजलंय. यांच्यापुढे एक गाय, चार मेंढ्या आणि बटाटे. संपलं.

म्हणजे घरात मिरवलेलं ते आडनाव मालकाच्या शेताचं होतं. यात लबाडी काही नाही. तो तिथे राहत होता, पत्ता तोच होता. त्या भागाचं शेतवार इतिहासाचं पुस्तक असतं, 'ब्युग्देबूक', तेही पाहिलं. आपला कुलवृत्तांत रक्तामागे जातो, यांचा जमिनीमागे. त्यामुळे मालकांच्या पिढ्यांना पानंच्या पानं, आणि हुसमानांना शेवटी चार ओळी.

मित्राने दोन आठवडे वडिलांना काही सांगितलंच नाही. बायको म्हणाली, या वयात कशाला? मला हे 'या वयात कशाला' कधीच पटत नाही. आपल्याकडेही हेच चालतं, आणि ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याला सोडून सगळे ठरवतात. तसं मी त्याला बोललोही. शेवटी मार्चमध्ये आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो. वडिलांनी प्रिंटआउट भिंगाखाली धरून बराच वेळ वाचलं. मित्र खिडकीबाहेर बघत होता.

"एकच गाय?" ते म्हणाले.

"एकच."

"आणि माणसं किती?"

"सात."

ते काही बोलले नाहीत. कॉफी आली, ती गार झाली. मग त्यांनी विचारलं, त्या झोपड्याला स्वतःचं नाव होतं का? होतं. हुसमानाच्या जागेलाही वेगळं नाव असायचं, आणि ते आम्ही उतरवून आणलं होतं. त्यांनी ते तीनदा म्हणून पाहिलं, आणि होमस्टेडच्या घराचा जुना फोटो भिंतीवरून काढून त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहायला लावलं. आडनावाबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

निघताना मात्र त्यांनी यादीतल्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं. १२ वर्षांची बहीण. "ही आली का इकडे?"

जाणाऱ्यांच्या यादीत ती नाही. १८७५ च्या जनगणनेत त्या परगण्यात तिच्या नावाच्या आणि साधारण वयाच्या चौघीजणी सापडल्यात. दोन लग्न झालेल्या, एक कुणाच्या तरी शेतावर मोलकरीण, एक विधवा. चौघींच्याही बापाचं नाव तेच. या शनिवारी लग्नांचं रजिस्टर उघडतोय.