काळीज आणि जिगर

१/ हिंगोली जिल्ह्यातील आमच्या गावी लेक सासरी निघाली की माय म्हणते, "माझ्या काळजाचा तुकडा चालला." हा वाक्प्रचार मी लहानपणापासून ऐकत आलो. आज त्यातील 'काळीज' या शब्दाचा मागोवा घेऊ.

२/ काळीज म्हणजे हृदय, असे आपण समजतो. परंतु हा शब्द संस्कृत 'कालेय' पासून आला आणि कालेय म्हणजे यकृत. भीतीने काळजाचे पाणी होते, अशुभ वार्तेने काळजात चर्र होते, दुःखाने काळजाला घरे पडतात. मुळात हे सारे यकृताचे बोल आहेत.

३/ भावनेचा मान यकृताला का मिळाला? प्राचीन वैद्यकात यकृत हे रक्ताचे घर होते. सुश्रुतसंहिता यकृत व प्लीहा यांना रक्तवह स्रोतसांचे मूळ मानते. ग्रीक वैद्य गॅलेन याच्या मते रक्त यकृतातच तयार होई. जेथे रक्त तेथे जीव, आणि जीव तेथेच माया.

४/ म्हणूनच हा वाक्प्रचार एकट्या मराठीचा नाही. दक्षिण चीनमधील कँटनीज भाषेत लाडक्या लेकराला 'सम-गॉन' म्हणतात, शब्दशः हृदय-यकृत. उर्दूत पोटच्या अपत्याला 'लख्त-ए-जिगर' म्हणतात. अर्थ तोच, यकृताचा तुकडा.

५/ हिंगोलीला उर्दू परकी नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू. 'जिगर' मराठीतही रुळला, पण दोघांनी कामे वाटून घेतली. माया आणि दुःख काळजाकडे. धाडस आणि दोस्ती जिगरीकडे.

६/ संस्थानी राजवटीचा जाच सोसलेल्या घरांत असे शब्द आजही खुपतात. आमच्याही घरात खुपत. 'जिगर' परका, तो भाषेतून काढा, असा आग्रह मी जवळच्या माणसांकडून ऐकला आहे. त्यांचे दुःख खरे आहे. शब्दावरचा आरोप मात्र टिकत नाही.

७/ कारण फारसी 'जिगर' आणि संस्कृत 'यकृत्' हे सख्खे भाऊ आहेत. दोघेही एकाच प्राचीन इंडो-इराणी शब्दाचे वंशज. एक इराणात वाढला, एक भारतात. शतकांनंतर ते मराठवाड्याच्या एकाच ओसरीवर भेटले, तेव्हा कोणी त्यांना ओळखले नाही, इतकेच.

८/ राग, माया, भय सांगताना तुमच्या गावच्या बोलीत कोणता अवयव बोलतो? अवश्य लिहा.