गाळ ढवळल्यावर

ठाण्याच्या खाडीतला गाळ ओंजळीत घेतला की त्यात दोन रंग दिसतात. वर पातळसा तपकिरी थर, आणि त्याखाली एकदम काळा, कुजलेल्या अंड्यांचा वास मारणारा चिखल. पाण्यातला ऑक्सिजन वरच्या थरापर्यंतच पोचतो. खालचे जिवाणू ऑक्सिजनवाचून जगतात, समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि सल्फाइड तयार करतात. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा काळा थर म्हणजेच विष वाटतं. माझ्या पीएच.डी.चा मोठा भाग हा थर नेमकं काय करतो, ते समजून घेण्यात गेला.

ही खाडी साधारण २६ किलोमीटर लांब आहे. एका अंगाला मुंबई-ठाणे, दुसऱ्या अंगाला नवी मुंबई. १९६० नंतर पूर्व काठावर ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा वाढत गेला आणि दोन्ही काठांवरून लाखो घरांचं सांडपाणी येत राहिलं. उत्तरेकडचं टोक अरुंद आणि उथळ आहे. पावसाळा सोडला तर खाडी धुऊन काढायला पुरेसं गोडं पाणी येत नाही. त्यामुळे तांबं, जस्त, शिसं, पारा, तेलकट रसायनं बारीक मातीच्या कणांना आणि कुजक्या सेंद्रिय पदार्थाला चिकटतात आणि तळाशी बसतात. पाणी दर भरती-ओहोटीला हलतं, गाळ मात्र वर्षानुवर्षं साठत राहतो. आणि आपण तपासतो ते पाणी. किनाऱ्यालगतच्या पाण्याला आपल्याकडे एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५ अशी वर्गवारी आहे. गाळातल्या विषाला कायद्याने ठरलेली तशी मर्यादा नाही. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालेल्या आणि २०२२ साली रामसर यादीत गेलेल्या खाडीबाबतही हेच. मला ही उणीव फार गंभीर वाटते, कारण फ्लेमिंगोंपासून चिंबोरीपर्यंत सगळ्यांचं पोट या चिखलावर चालतं.

मर्यादा नाही म्हणून संशोधक अमेरिकेतल्या मर्यादा उसन्या घेतात. १९९५ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रत्येक धातूसाठी दोन आकडे काढले. पाऱ्यासाठी ते किलोमागे ०.१५ आणि ०.७१ मिलिग्रॅम आहेत. पहिल्याच्या खाली अपाय क्वचित, दुसऱ्याच्या वर वारंवार. हे आकडे कामाचे आहेत, पण ते सांगतात गाळात एकूण धातू किती. प्राण्याच्या अंगात एकूण धातू शिरत नाही. जो सुटा आहे, तोच शिरतो. तो किती, हे प्राण्यालाच विचारावं लागतं.

आम्ही विचारलं अँफिपॉडला. कोळंबीचा हा लांबचा नातलग काही मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंनी चपटा, गाळात बीळ करून राहणारा. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वागवते. पिल्लं पाण्यावर तरंगत लांब जात नाहीत, त्यामुळे एका जागचे अँफिपॉड मेले की ती जागा लवकर भरून निघत नाही. गाळाच्या परीक्षेसाठी त्यांचा वापर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रिचर्ड स्वार्ट्‌झ आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात रुळवला.

गाळ आणायला आम्ही ऐरोलीजवळच्या एका कोळी काकांच्या होडीतून जायचो. ग्रॅब दोरीने सोडायचा, तळाला टेकला की त्याचा जबडा मिटतो. वर घेतला की धातूचा स्पर्श टाळून प्लास्टिकच्या चमच्याने वरचे दोन सेंटिमीटर काढायचे, डबा काठोकाठ भरायचा, म्हणजे आत हवा राहत नाही, आणि लगेच बर्फात. मी डब्यांवर चिठ्ठ्या लावत असताना काका ग्रॅबमधला उरलेला चिखल बोटांनी चाळायचे. एका जागी म्हणाले, "बाय, हितं कायच नाय. किडा पन नाय." मग सुकतीला उघड्या पडलेल्या पट्ट्याकडे बोट करून निवट्यांची बिळं कुठे संपतात ते त्यांनी दाखवलं. पूर्वी कालवं कुठे चिकटायची, खुबे कुठे निघायचे, चिवणी कुठल्या महिन्यात वर चढायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. गाळाचा निवाडा तीन अंगांनी करावा, असं आमचं शास्त्र सांगतं: रसायनं मोजा, प्रयोगशाळेत प्राणी ठेवून बघा आणि त्या जागेवर कोण जगतंय ते मोजा. तिसऱ्या अंगाचं निम्मं काम काकांच्या आठवणीने केलं. मी त्यांची माहिती नकाशावर उतरवली आणि प्रबंधात तिला स्वतंत्र प्रकरण दिलं.

प्रयोगशाळेत लिटरच्या काचपात्रात दोन सेंटिमीटर गाळ, वर खारं पाणी, हवेचा मंद बुडबुडा. प्रत्येक जागेसाठी पाच पात्रं, प्रत्येक पात्रात २० अँफिपॉड, १० दिवस. शेजारी दापोलीकडच्या एका स्वच्छ खाडीतला तितकाच बारीक गाळ. त्यात किमान ९० टक्के प्राणी जगायला हवेत, नाहीतर अख्खी परीक्षा रद्द. रोज पात्रांपुढे बसून कोण बिळातून बाहेर आलंय ते टिपायचं. चांगल्या गाळात टाकल्या टाकल्या ते आत घुसतात. नकोशा गाळातून वर येतात, पाण्यात भिरभिरतात, पुन्हा बुडी मारतात, पुन्हा वर येतात. शेवटच्या दिवशी चाळून मोजायचं. जे सापडत नाहीत ते मेलेले धरायचे, कारण एवढंसं कलेवर तोवर विरून गेलेलं असतं. वाचलेल्यांना स्वच्छ गाळात सोडून तासाभरात बीळ करतात का तेही पाहायचं. जिवंत असून ज्यांना बीळ करता येत नाही, ते खाडीत टिकणार नाहीत.

निकाल उलटाच आला. एका नाल्याच्या मुखाजवळच्या गाळात जस्त आणि तांबं भरपूर होतं, तरी बहुतेक प्राणी जगले. खाडीच्या वरच्या अंगाला धातू कमी, तर तिथे निम्म्याहून अधिक मेले. आमच्या मार्गदर्शक बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अमोनियाचा. सांडपाण्याचा कुजका भाग जिथे जास्त, तिथे गाळातून अमोनिया सुटतो आणि तोही मारतो. वरचं पाणी सतत बदलून अमोनिया खाली आणला, मगच नवे प्राणी सोडले, आणि मरण पुष्कळ कमी झालं. त्या जागेचा रोग कारखान्यांचा नव्हता, शहराच्या मैल्याचा होता. उपाय ठरवताना हा फरक कळीचा, कारण चुकीच्या नळाला बूच मारून खाडी सुधारत नाही.

नाल्याच्या मुखाचं कोडं काळ्या थराने सोडवलं. सल्फाइड जस्त, कॅडमियम, शिसं यांना घट्ट धरून ठेवतं. डी टोरो यांच्या गटाने १९९०च्या सुमारास दाखवलं, की गाळात धातूंपेक्षा सल्फाइड जास्त असेल तर हे धातू सहसा प्राण्यांना मारत नाहीत. आम्ही गाळावर आम्ल ओतून सुटणारा वायू पकडला, मोजला. सल्फाइड धातूंना पुरून उरत होतं.

मग आम्ही तोच गाळ काही दिवस ढवळला आणि त्यात हवा सोडली. रंग काळ्यावरून करडा झाला, सल्फाइड घटलं, पाण्यात जस्त वाढलं आणि या वेळी अँफिपॉड पहिल्याच रात्री बिळं सोडून वर आले. तो दिवस मी विसरणार नाही. जेट्टीसाठी, पुलाच्या खांबांसाठी, होड्यांच्या वाटेसाठी खाडीत गाळ उपसतात तेव्हा नेमकं हेच होतं. निवांत पडलेल्या गाळाची परीक्षा घेऊन उपशाला परवानगी देणं मला अपुरं वाटतं. ढवळलेल्या गाळाचीही घ्यायला हवी, आणि उपसलेला गाळ कुठे टाकणार हे त्या निकालावर ठरायला हवं.

हे सगळं मी काकांच्या घरी सांगितलं. काकींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मंग खुबं खायचं का नाय?"

मी सरळ सांगितलं की या परीक्षेतून ते कळत नाही. गाळाने प्राणी मरतो का, एवढंच ती सांगते. न मरता त्याच्या मांसात काय साठतं ते नाही. जो काळा थर जस्ताला बांधून ठेवतो, त्यातलेच काही जिवाणू पाऱ्याचा मिथिल पारा करतात, आणि तो किड्यातून माशात, माशातून माणसात चढत जातो. त्यासाठी शिवल्या-खुब्यांसारखे प्राणी २८ दिवस गाळात ठेवून त्यांचं मांस तपासावं लागतं. ती परीक्षा आता मांडली आहे. नमुने कुठल्या जागांवरून घ्यायचे हे काकींनी आणि वाड्यातल्या बायकांनी ठरवलं: बाजारात जाणारा माल जिथून निघतो तिथून, आणि जिथे त्यांनी स्वतःच काढणं सोडलंय तिथूनही. निकाल हाती आले की प्रबंधात जाण्याआधी ते मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मराठीत, जागेच्या नावासकट वाचून दाखवायचे, असं आमचं ठरलं आहे.