हाताला आधी कळतं

ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी ओतलं की परातीतून ओलसर, किंचित गोड वास वर येतो. गव्हात पीठ बांधून ठेवणारं ग्लुटेन असतं, ज्वारीत ते नसतं. म्हणून गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलवून घ्यायचा, मग पीठ एकमेकांना धरतं. एवढं पाठ व्हायला वेळ लागत नाही. पण भाकरी थापताना कडा चिरू लागल्या की बोटं कशी आत घ्यायची, तव्यावर वरून लावलेलं पाणी किती सुकलं की उलटायचं, हे पाठ करता येत नाही. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, जाते. आमच्याकडे आई चिमटीत पीठ घेऊन चोळते आणि माझ्या भाचीला सांगते, "आज पाणी चांगलं कढत घे गं." कसं ओळखलंस, असं विचारलं तर ती पुन्हा पिठाकडेच बोट दाखवते.

ही भाची शेजारच्याच गल्लीत राहते. मे महिन्याच्या सुट्टीत तिला पाट करायचा होता. सागवानाची फळी आणि रंधा मी तिच्यापुढे ठेवला. तंतू ज्या दिशेने चढत जातात त्या दिशेने रंधा सरकतो, लांब वळलेली सालपटं निघतात. उलट मारला की अडकतो आणि फळी उचकटते. मी हे बोललो नाही. ती थांबली, फळीवरून तळवा फिरवला, फळी फिरवून घेतली आणि म्हणाली, "मामा, इकडून लाकूड येऊ देतंय." त्या 'येऊ देतंय'मध्ये मला सुतारकामाचं अर्धं शास्त्र ऐकू आलं. पटाशीला धार लावणं हा तिचा पुढचा धडा. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. धारदार हत्यार मुलांच्या हाती द्यावं, दोन्ही हात पात्याच्या मागे ठेवायला शिकवावं, आणि जवळ बसावं. जुलैत कपाटाचा खण अडकला तेव्हा तिनेच सांगितलं की फळी रुंदीत फुगलीय, लांबीत नाही. जुन्या दारांच्या चौकटीत मधली फळी खाचेत सैल का सोडतात, हे मग तिला सांगावंच लागलं नाही.

हाताने शिकण्याचा हा विचार शाळेतही आला होता. 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि 'नई तालीम' ही शिक्षणपद्धती उभी राहिली. हस्तोद्योग हा तिथे जोडविषय नव्हता. गणित, भूगोल, समाज, सगळं कामातून शिकायचं होतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथेही मुलं गावाच्या खऱ्या गरजेची कामं करत शिकू लागली. मला यातलं 'खऱ्या गरजेची' फार महत्त्वाचं वाटतं. थर्माकोलचा प्रकल्प आदल्या रात्री आईवडील पुरा करतात, दुसऱ्या दिवशी त्याला गुण मिळतात आणि आठवड्यात तो माळ्यावर जातो. पाटावर मात्र आजोबा जेवायला बसणार असतात. तो डुगडुगला तर मोठ्यांनी काही बोलायची गरज उरत नाही.

पावसाच्या सुरुवातीला आम्ही दुधी लावला. वेल मांडवावर चढला, फुलं आली, मागची इवली फळं पिवळी पडून गळत राहिली. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. मधमाश्या तोवर परतलेल्या असतात, काम पतंगांचं असतं, आणि शहरात ते कमी येतात. भाची टॉर्च घेऊन मांडवाखाली उभी राहायची. पोटाशी फळ असलेलं ते मादी फूल, हे तिने ओळखलं. नर फूल खुडून, पाकळ्या मागे सारून तिने त्याचे पराग मादी फुलाला हलकेच लावले. ते फळ धरलं.

त्याच दुधीची थालीपीठं तिने केली. किसाला पाणी सुटतं म्हणून भाजणी बेताबेताने घातली, आजीला न विचारता.

दोडक्याची फुलं संध्याकाळचीच, घोसाळ्याची पहाटेची. यातलं काहीही मी तिला सांगितलेलं नाही. घोसाळ्याच्या बिया तेवढ्या दिल्या आहेत.